पट्टीचं दुसरं टोक

खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मी अनुसयाबाईंना मनातल्या मनात शिव्याच घातल्या. मनातल्या मनात म्हणजे, माझ्या मैत्रिणीजवळ, प्रेमिलाजवळ, चांगल्या मोठ्यानेही. माझं तोंड तसं फटकळच. आई म्हणायची, हिची उचलली जीभ लावली टाळ्याला. पण अनुसयाबाईंपुढे माझी जीभ चालायची नाही. बाई खरं बोलायच्या, आणि खऱ्याला उलट उत्तर काय द्यायचं ते मला तेव्हा सुचत नसे. मग राग यायचा. अजूनही येतो, पण आता तो माझा मलाच येतो.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. उमरेड रोडला लागून आमचा लेआउट नवा नवा वसत होता. चाळीसेक घरं, सगळे नोकरदार, आणि जवळजवळ प्रत्येक घरात पाच वर्षांच्या आतलं एखादं तरी लेकरू. मधोमध एक तुकडा मोकळा सोडलेला होता, तिथं लेआउटच्या कमिटीनं वर्गणी काढून बाग केली. दोन झोके, एक सी-सॉ, एक गोल फिरणारी चक्री, एक पत्र्याची घसरगुंडी, जी मे महिन्यात तव्यासारखी तापायची. एक जुना कडुनिंब, तो आमच्याआधीपासूनचा. कोपऱ्यात झाडांना पाणी द्यायला सिमेंटचा हौद. आणि हे सगळं राखायला अनुसयाबाई.

बाई तांडापेठेतल्या, कोष्टी घरातल्या. वय चाळीसच्या आसपास, अंगानं काटक, नेसायला लुगडं, पायात चप्पल असली तर असली. नवरा देवाजी हातमागावर लुगडी विणायचा. एकेकाळी घरात दोन माग होते. पॉवरलूमचं कापड आलं तसा हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक मिळेनासं झालं. एक माग विकला. दुसरा राहिला, पण त्याच्यावर घर चालेना आणि देवाजी त्याच्यावरून उठेना. मग बाईच बाहेर पडल्या. रोज तांडापेठेहून पायी येत आणि दिवे लागायच्या आत पायी परत जात.

त्यांना ठेवलं होतं झाडांना पाणी घालायला, झाडलोट करायला आणि फाटक उघडायला-लावायला. लेकरांवर लक्ष ठेवायचं असं कोणी सांगितलं नव्हतं. ते काम आम्हा आयांचं होतं. आणि आम्ही काय करत होतो? आम्ही बाकावर बसून गप्पा हाणत होतो. दुपारचं घरकाम आटोपलं की बागेत यायचं, लेकरांना सोडून द्यायचं गुरं सोडल्यासारखं, आणि कोणाची सासू काय म्हणाली, कोणाच्या दिराचं लग्न कुठे मोडलं, ह्याच्यात बुडून जायचं. त्यात हिवाळा आला की हातात विणकाम. मग तर बोलायलाच नको.

बाईंना हे चालायचं नाही. त्या लेकरांना कधी रागावल्या असतील तर शपथ. रागवायच्या ते आम्हाला.

"हे पिवळ्या फ्रॉकवालं कोनाचं व्हय? याची माय कुठी हाय?" असा आवाज आला की बाकावरच्या आम्ही साऱ्याजणी आपापल्या लेकीनं आज काय घातलंय ते आठवू लागायचो. हसू नका. खरंच आठवायला लागायचं.

त्यांची एक युक्ती तर सगळ्या लेआउटात गाजली होती. एखादं लेकरू एकटंच भटकताना दिसलं की त्याच्या पायातली एक चप्पल काढून त्या आपल्या ओच्यात ठेवून द्यायच्या. लेकरू खुशाल एका चपलेवर खेळत राही. घरी जायच्या वेळी आईची शोधाशोध सुरू. मग बाईंकडे यावंच लागे. बाई म्हणायच्या, "देतो न चप्पल. पह्यले सांगा, लेकरू आता कुठी हाय? इकडं तिकडं न पाहता सांगा." सांगता आलं तर चप्पल. नाही तर तिथंच उभं करून दोन शब्द. माझी उजू तेव्हा साडेतीन वर्षांची. तिची चप्पल मी चारदा सोडवून आणली.

रविवारी बाप यायचे. त्यांची तऱ्हा वेगळी. कानाला ट्रान्झिस्टर, त्यावर क्रिकेट, आणि एक हात झोक्याला टेकवला की झालं, लेकरू सांभाळलं. एकदा बाईंनी धावत जाऊन भरात आलेला झोका साखळीला धरून थांबवला. मागून एक पोर चालत आलं होतं. "कोन आउट झालं साहेब?" बाईंनी त्या गृहस्थाला विचारलं. "तुमचं पोट्टं होता होता राह्यलं, म्हणून पुसलं."

एकजण त्यांच्यावर फणफणली होती, "बाई, तुमचं काम झाडांना पाणी घालायचं. तेवढं करा ना!"

"झाडाले पाय नाही फुटत, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "लेकराले फुटते."

आता मला सांगा, असं बोलणाऱ्या बाईबद्दल कोणाचं मन चांगलं राहील? कमिटीचे सेक्रेटरी गोपाळराव, रिटायर्ड हेडक्लार्क, त्यांच्याकडे आठवड्याला एक तरी तक्रार जायची. नोकर माणसानं पायरी सोडून बोलू नये, असं आमचं सगळ्यांचं एकमत होतं. मी त्यात पुढे. उगीच कशाला खोटं बोलू, एकदा खोटं बोलले त्याचंच तर हे सगळं सांगते आहे.

डिसेंबर होता. ऊन असं छान पडलं होतं की उठू नये. प्रेमिलानं पानांची एक नवी वीण शिकून आणली होती आणि मी ती उजूच्याच स्वेटरवर घालत होते. उजूच्याच, लक्षात घ्या. दर ओळीला टाके मोजायचे, एक चुकला की सगळं पान वाकडं. मी मान वर काढत नव्हते.

बाई आल्या, उजूला बोटाला धरून. "बाई, हौदापाशी गेली होती हे."

"हो का? बैस गं उजू इथे," मी म्हटलं. उजू बसली असेल दोन मिनिटं.

थोड्या वेळानं बाई परत आल्या, परत उजू. "बाई, त्या हौदाचं झाकन फुटलं हाय. मी कमिटीले दोनदा सांगून राह्यली, कोनी आयकत नाही. जरा लेकराकडं पाहत जा."

"पाहते हो, पाहते. एवढी ओळ होऊ द्या."

तिसऱ्यांदा बाई आल्या नाहीत. मला बरंच वाटलं, कटकट गेली म्हणून.

तीनला नळ यायचा. नळाची तोटी कडुनिंबाच्या मागल्या अंगाला होती आणि तिला लावलेला पाइप जुना. हातानं दाबून धरला नाही तर निसटायचा आणि सगळं पाणी वाया. तेव्हा हौद भरेपर्यंत बाईंना तिथून हलता येत नसे. मी काही हे पाहायला गेले नव्हते, मला नंतर कळलं.

मी पाहिलं ते एवढंच. त्या दिवशी ऑफिस लवकर सुटलं म्हणून आमचे हे सायकलवर घरी निघाले होते, बागेवरून. आणि एकदम हाक आली, "शामला!"

ह्यांनी चारचौघांत मला नावानं हाक मारली नव्हती कधी. मी सुया हातात तशाच घेऊन धावले.

उजू कडुनिंबाच्या बुंध्याशी बसली होती. कमरेला लुगड्याच्या काठाची चांगली बोटभर रुंद पट्टी बांधलेली, ती बुंध्याला वळसा घालून मागे गेलेली. उजू मजेत होती. वाळकी पानं गोळा करून त्यांचा ढीग करत होती. पण ह्यांचा चेहरा रागानं काळा पडला होता.

"बकरी आहे का ही? झाडाला बांधलंय माझ्या मुलीला!"

झाडामागून अनुसयाबाई उठून आल्या. म्हणजे, लगेच आल्या नाहीत. आधी वाकून त्यांनी आपल्या पायाच्या घोट्यावरून काहीतरी सोडवलं. मी पाहिलं. पट्टीचं दुसरं टोक त्यांच्या घोट्याला होतं. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, आणि कळवून घ्यायची इच्छाही नव्हती, कारण तेवढ्यात ह्यांनी मला विचारलं, "आणि तू? तू कुठे होतीस?"

दहा पावलांवर होते. तिथंच. सुया माझ्या हातात होत्या.

"मी घरी गेले होते पाच मिनिटं," मी म्हटलं. "दुधाचं पाहायला. बाईंना सांगून गेले होते, उजूवर लक्ष ठेवा म्हणून."

कसं तोंडातून गेलं ते देवाला ठाऊक. अनुसयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग नव्हता आला, आश्चर्य वाटलं होतं. "बाई, असं काहून बोलता?" त्या म्हणाल्या. "साहेब, मी सांगतो. हे लेकरू दोन डाव हौदाकडं..."

"एक अक्षर बोलू नका!" हे ओरडले. ह्यांचा राग वाईट. आवाजाला सगळी बाग जमा झाली. प्रेमिलाही आली. तिला माहीत होतं मी कुठे होते. तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते मी! तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं. मैत्रीण ना.

त्याच दिवशी ह्यांनी गोपाळरावांना अर्ज लिहून दिला. बाईंना कामावरून काढावं. रविवारी बागेतच मीटिंग घेऊन ठरवायचं झालं. खाली आणखी अकरा जणांच्या सह्या, त्यातले चार ते, ज्यांना बाईंनी झोक्यापाशी सुनावलं होतं. आयतीच संधी.

पुढले दिवस मला घास गोड लागला नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. जेवत होते मी नीट. पण स्वेटर हातात घ्यावासा वाटेना. प्रेमिला म्हणाली, "बरंच झालं बाप्पा, आता चपला तरी सोडवाव्या लागणार नाहीत." मी हसले. आणि हसताना मला माझीच किळस आली. ती माझ्यासाठी गप्प राहिली होती, आणि तिच्या गप्प राहण्यानं माझं खोटं आणखी पक्कं झालं होतं. शनिवारी सकाळी हे ऑफिसला गेले तशी मी उजूला घेऊन रिक्षात बसले आणि म्हटलं, तांडापेठ चल.

काय करायला गेले होते? माफी मागायला, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे बाईंनीच मीटिंगमध्ये गपचूप 'चुकलं' म्हणावं आणि प्रकरण मिटावं, हे पदरात पडतंय का ते पाहायला गेले होते. पोटातलं ओठावर आणायचं म्हणते आहे, तर सगळंच आणते.

घर शोधायला वेळ लागला नाही. मागाचा आवाज येत होता, खटक-खटक, एकसारखा. दारातून आत अंधारं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून देवाजी विणत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. दाराशी उजेडात बाईंची थोरली लेक कौसल्या रहाटावर कांड्या भरत होती. कांड्या म्हणजे धोट्यात घालायच्या बोटाएवढ्या नळ्या, त्यांच्यावर सूत गुंडाळायचं. धागा केसासारखा बारीक. नजर जरा हलली की तुटतो, की झाली गाठ.

तिच्यापासून चार हातांवर तिचं वर्षाचं पोर रांगत होतं. त्याच्या कमरेला काठाची पट्टी. पट्टीचं दुसरं टोक कौसल्येच्या घोट्याला.

मी तिथंच उभी राहिले. पोर रांगत रांगत चुलीकडे निघालं. कौसल्येनं नजर काढली नाही धाग्यावरून, पण पट्टी ताणली गेली तसा तिनं पाय आपल्याकडे ओढला, पोर बुडावर बसलं, हसलं, आणि उलट्या दिशेला निघालं. मग पट्टी सैल पडली. थोडा वेळ सैलच राहिली. तेव्हा मात्र कौसल्येनं हात थांबवला आणि मान वळवून पाहिलं. पोर एका जागी बसून माती खात होतं. तिनं उठून त्याच्या तोंडातली माती काढली.

"वढली तरी समजते आन् नाही वढली तरी समजते," मागून आवाज आला. अनुसयाबाई पाण्याची गुंडी घेऊन आल्या होत्या. "आमी साऱ्या अशाच वाढलो. माहे तिन्ही लेकरं अशेच वाढले. या बाई, आत या."

मी म्हटलं, "अनुसयाबाई, तुम्ही हे त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"सांगत होती न. साहेबानं बोलू देल्लं काय? आन् तुमी?"

मी खाली पाहिलं.

"मी नळापाशी, पाइप सोडता येत नव्हता," बाई म्हणाल्या. "लेकरू दोन डाव हौदाकडं गेलं होतं. तुमाले सांगतलं, तुमी ओळ करून राह्यल्या होत्या. मंग मी का करू? झाडाले नाही बांधलं बाई तिले. माह्या पायाले बांधलं. झाड मधात होतं."

त्यांनी गुंडी ठेवली, पदरानं हात पुसले. पुढलं मात्र त्या जरा चिडून बोलल्या. "आमाले डोये सुतावर ठेवा लागते, बाई. लेकरावर ठेवले त पोटाले काय? म्हणून पट्टी. तुमचे डोये त मोकये हाय. तुमाले कोनं बांधून ठेवलं होतं?"

 

कौसल्या रहाट न थांबवता म्हणाली, "मायची नोकरी गेली त बाबा तो माग बी विकतीन. गिऱ्हाईक येऊन पाहून गेलं काल." आतला खटक-खटक आवाज क्षणभर थांबला, परत सुरू झाला.

"उद्या मी मीटिंगमध्ये..." मी सुरुवात केली.

"तुमी काय सांगता ते तुमचं तुमाले ठाऊक," बाई म्हणाल्या. "मी चहा मांडतो. लेकराले दूध चालते का?"

मी आले होते कशासाठी आणि विचारणार होते काय, ते तोंडातून निघालंच नाही. चहा पिऊन परत आले. वाटेत ठरवलं, सांगायचं. घर आलं तसं वाटलं, नको. ह्यांचं काय होईल? अर्ज ह्यांनी दिलेला, सही ह्यांची पहिली, आणि बायकोच उभी राहून म्हणणार की मी खोटं बोलले? लेआउटात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. घरी आधी ह्यांना सांगावं, तर हे मला मीटिंगला येऊच देणार नाहीत. असं ठरवत आणि मोडत रविवार उजाडला.

सकाळी नऊला मीटिंग. कडुनिंबाखाली सतरंज्या, गोपाळरावांना खुर्ची, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. लेकरं नेहमीसारखी मोकाट. अनुसयाबाई एकीकडे जमिनीवर बसल्या होत्या, सतरंजीच्या बाहेर. गोपाळरावांनी अर्ज वाचला. त्यांची मराठी कचेरीतली, सावकाश वाचत होते. 'सदर बाईने अर्जदाराच्या कन्येस झाडास जखडून ठेवून' वगैरे. वाचून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

बाई म्हणाल्या, "मी त्या दिवशी सांगून राह्यली होती तेच सांगीन, जी. पन साहेबाची बाई म्हणते का लेकरू माह्यावर सोपवून गेली होती. पह्यले त्याइले पुसा."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. उजू माझ्या मांडीवर होती. मी उठले, पलीकडे गेले, तिचा हात ह्यांच्या हातात दिला. "हिला धरा जरा," म्हटलं. आणि बोलले.

कसं बोलले ते सगळं आठवत नाही. घरी गेले नव्हते, बाकावरच होते, एवढं पहिल्यांदा सांगून टाकलं, कारण ते राहिलं असतं तर मग निघालंच नसतं. बाईंनी दोनदा आणून दिलं ते सांगितलं. ओळीचं सांगितलं. पट्टीचं दुसरं टोक घोट्याला होतं आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, हे सांगितलं. तांडापेठेत काय पाहिलं ते सांगितलं. रडले पण. आणि खोटं कशाला बोलू, बोलता बोलता मला थोडं बरंही वाटायला लागलं. आपण किती खरं बोलतो आहोत, सगळे कसे ऐकताहेत, असंही मनात येऊन गेलं. ह्यांच्याकडे मी पाहत नव्हते. हिंमतच नव्हती.

मी थांबले तसा एकच गलका उठला. कोणी म्हणे, वहिनींनी असं का केलं? कोणी म्हणे, ते ठीक, पण लेकराला बांधणं चूक ते चूकच. एकजण म्हणाले, हौदाचं झाकण फुटलं होतं तर कमिटी काय झोपली होती? गोपाळराव खुर्चीवरून उठले, "झाकणाचा विषय आजच्या मीटिंगमध्ये नाही!" मग झाकण कोणी आणायचं ठरलं होतं ह्यावर तिघांची जुंपली. प्रेमिला मध्येच म्हणाली, मी पण होते तिथे. तिचं कोणी ऐकलं नाही. मुलांची सुरक्षितता, मुलांची जबाबदारी, मुलांचं भवितव्य, केवढे मोठाले शब्द त्या कडुनिंबाखाली उडत होते!

आणि त्या गलक्यात अनुसयाबाई उठल्या आणि चालू लागल्या.

"अहो बाई!" गोपाळराव ओरडले. "तुमच्याच नोकरीचा विषय आहे! बसा खाली!"

बाईंनी मागे पाहिलं नाही. चार पावलं चालल्या आणि मग पळायला लागल्या. "पाहा, पाहा, किती मगरुरी," कोणीतरी म्हणालं. त्या फाटकाकडे पळत होत्या. फाटक सताड उघडं होतं. मीटिंगला येताना आम्हीच ते उघडं टाकलं होतं, चाळीस घरांतल्या शहाण्यासुरत्या माणसांनी.

फाटकाबाहेर उमरेड रोड. उमरेडहून येणारे कोळशाचे ट्रक तिथून जातात, आणि जाताना थोडा थोडा कोळसा सांडत जातात. ट्रकचा हॉर्न आम्हाला ऐकू आला. लांबलचक. मग ब्रेकचा आवाज.

 मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा हात होता तसाच पुढे होता, बोटं अर्धवट मिटलेली, आणि हातात काही नव्हतं. मी बोलायला लागले तेव्हाच कधीतरी तो सुटला असणार. ऐकता ऐकता. ह्यांना कळलंही नव्हतं.

फाटकातून अनुसयाबाई आत आल्या. कडेवर उजू. जिवंत, धडधाकट, दोन्ही मुठींत कोळशाचे तुकडे. रस्त्याच्या मधोमध बसून ते वेचत होती, असं त्या ट्रकवाल्यानं मागून येऊन सांगितलं.  बाईंच्या लुगड्यावर, खांद्यावर, गळ्याशी काळे काळे हात उठले होते. त्यांनी एका हातानं फाटक ओढून कडी घातली. ह्यांच्यासमोर येऊन उजूला खाली उतरवलं, तिचं मनगट ह्यांच्या हातात दिलं.  मग आपल्या जागेवर, सतरंजीच्या बाहेर जाऊन बसल्या. धाप लागली होती, ती जरा ओसरू दिली.

"हं जी, बोला," त्या गोपाळरावांना म्हणाल्या. "माह्या कामात काय कसूर झाली, ते सांगत होते न तुमी?"

गोपाळरावांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.   लेकरं आपापल्या आयांकडे, बापांकडे ओढली जाऊ लागली. एकेका हातानं ती जवळ ओढून घेतली जात होती, आणि एवढ्या गर्दीत तेवढीच हालचाल होती.

हे उठले. उजूला घेऊनच गोपाळरावांच्या खुर्चीपाशी गेले आणि त्यांच्या हातातून अर्ज काढून घेतला. अनुसयाबाईंसमोर येऊन उभे राहिले.  "बाई," एवढंच म्हणाले.  मग त्यांनी कागद फाडायला घेतला, पण एका हातानं तो फाटेना. दोनदा प्रयत्न केला. बोटांत चुरगळत होता नुसता. दुसऱ्या हातात उजूचं मनगट होतं, आणि ते सोडायला हे तयार नव्हते. उजू म्हणत होती, "बाबा, दुखतंय," तरी नाही.

शेवटी ह्यांनी तो चुरगळलेला कागद माझ्यापुढे धरला.

"शामला," म्हणाले, "फाड तू."

मी दोन्ही हातांनी फाडला.